बॅनर विहारातच राहू दे

कोरेगाव भीमा,
३० सप्टेंबर २०२५

चि. भाच्यास,


तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत उभी होते, त्या घरघरीत धड काही ऐकू आलं नाही. शिवाय फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करून विषय संपवतोस. म्हणून ही चिठ्ठी पिठाच्या पोत्यांबरोबर पाठवतेय. वाच आणि बरोबरच्या पोरांनाही वाचून दाखव.

परवा दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली की दौंडहून टेम्पो घेऊन सीना नदीकाठच्या पूरग्रस्त गावांत, माढ्याकडं निघायचं तुमचं ठरलंय. मिरवणुकीचा खर्च टाळून त्या पैशांचं धान्य घेतलंत, हे फार चांगलं केलंत. अंगुत्तर निकायात वेळेवर द्यायच्या दानांची गणती आहे. घरी आलेल्याला, प्रवासाला निघालेल्याला, आजाऱ्याला आणि दुष्काळात दिलेलं दान त्यात येतं. तेव्हाच्या लोकांना दुष्काळ ठाऊक होता, आपल्या नशिबी यंदा पूर आलाय. वेळेवर पोचणं हा त्यातला अर्धा भाग झाला. नेमकं कुणापर्यंत पोचायचं, ते तुम्हालाच शोधावं लागणार आहे.

आधी बॅनरवरून चाललेल्या तुमच्या वादाचं. टेम्पोला बॅनर लावू नका. निळ्या झेंड्याची लाज वाटावी असं काही नाही. कुणी विचारलं तर कुठल्या विहारातून आलात ते खुशाल सांगा. पण घरात गुडघाभर गाळ असलेल्या बाईला पीठ घ्यायच्या आधी आपला झेंडा वाचायला लागू नये. माल कोरेगाव भीमाहून आलाय म्हटलं की काहीजण २०१८ सालच्या इथल्या हिंसाचाराचा विषय काढतील. नीट, थोडक्यात उत्तर द्या आणि पोती उतरवायला लागा. १ जानेवारीला लाखो माणसं इथं मानवंदनेला येतात, बोलायचं ते तेव्हा बोलू; तुम्ही माढ्याला जाऊन वाद घालायची गरज नाही. फोटोचंही तेच. विहाराच्या हिशेबासाठी मालाचा आणि पावत्यांचा फोटो काढा. पिशवी हातात धरून उभ्या केलेल्या म्हातारीचा काढू नका.

आता मुख्य गोष्ट. कुरकुंभला सोलापूर रस्त्याला लागलात, टेंभुर्णीपुढं आत वळलात की पहिल्याच फाट्यावर लोक टेम्पो अडवतील. ते खोटं बोलत नसतात, त्यांचंही नुकसान झालेलंच असतं. पण पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी त्याच फाट्यावर रिकामी होते. रस्त्याकडेच्या घरात तीन-तीन किट पडतात आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर बिस्किटाचा पुडाही जात नाही. ती वस्ती कुणाची असते ते तुला मी सांगायला नको. कधी आपली, कधी पारध्यांची, वडारांची, कधी गायरानात पाल टाकून राहिलेल्यांची.

रस्ता वाईट असतो म्हणूनच असं होतं असं समजू नकोस. कागदाचाही त्यात वाटा आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला आले की पीक कुणाचं गेलं ते सातबाऱ्यावरून लिहितात. सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाईची महिन्याची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा होत नाही. घर पडलं तर मदत मिळते, पण घर गायरानात असलं की खेटे सुरू. आज ३० सप्टेंबर. १९९३ साली आजच्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढं पुनर्वसनाची गावं बांधली, तेव्हा घराचं मापसुद्धा जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला आणि हेक्टरभर जमीनवाल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, सात हेक्टरांपुढच्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली होती. मापं माणसांनी पाडली. सरकारनं तसं का केलं यावर पुष्कळ बोलता येईल. मला एवढंच म्हणायचंय की जिथं कागद पोचत नाही तिथं विहाराचा टेम्पो पोचला पाहिजे.

विहारातले काही ज्येष्ठ म्हणतील, मग सरळ आपल्याच वस्तीला द्या. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. आपली वस्ती शेवटी राहते हा त्यांचा अनुभव आहे. पण गावात शिरताना ‘आपली माणसं कुठं राहतात’ असं विचारू नका. ‘अजून कुणाकडं काहीच आलं नाही’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा त्याच दिशेला नेईल. आणि एखाद्या ठिकाणी ते दोन एकरवाल्या मराठ्याच्या दारात नेईल, ज्याची दावणीची गाय वाहून गेलीय आणि माती खरवडून खाली खडक उघडा पडलाय. तिथंही तेवढ्याच मायेनं उतरा. बाबासाहेबांनी पारमितांमध्ये दान सांगितलं, ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता.

निघायच्या आधी एक काम कर. कुरकुंभच्या एमआयडीसीत आणि आमच्या सणसवाडी-शिक्रापूरच्या कंपन्यांत करमाळा, परंडा, भूम, मोहोळकडची पुष्कळ पोरं खोल्या करून राहतात. त्यांना गाठ. कुठला पूल चालू आहे, कुठल्या वस्तीवर कोण अडकलंय, सरपंच कुणाचं ऐकतो, हे त्यांना घरच्या फोनवरून रोज कळतं. शक्य असलं तर त्यातल्या एकाला गाडीत पुढंच बसवा.

मालाबद्दल. जुने कपडे घेऊ नका म्हणजे नका. लोक कपाट रिकामं करतात आणि पुण्य लागलं म्हणतात. पुढं ते ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात. द्यायचेच तर नवे परकर, चड्ड्या, टॉवेल, चादरी. पाळीचे पॅड काळ्या पिशवीत बांधा आणि वाटायला मुलींना बरोबर घ्या. तुमच्या टोळीत एकही मुलगी नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. ज्वारीचं पीठच पाठवतेय, दाणे नाही, कारण तिकडच्या गिरण्याच पाण्यात होत्या. पाच-पाच किलोच्या पिशव्या केल्यात, आतून प्लास्टिक, तोंड दोऱ्यानं घट्ट. काडेपेट्या वेगळ्या डब्यात आहेत, त्यावर काही ठेवू नका. अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, म्हणून सांगते, लहान पोरांसाठी दूधपावडर वाटत सुटू नका. गढूळ पाण्यात ती कालवली की जुलाब ठरलेले. अंगावर पाजणाऱ्या बाईला डाळ-गूळ जास्त द्या. ओआरएसची पाकिटं, ताडपत्री, ब्लीचिंग पावडर ठेवा. चारा मिळाला तर न्याच. माणसाला आठवडाभर कुणी ना कुणी जेवायला घालतं, जनावराला नाही.

गर्दी आवरणं तुम्हाला शिकवायला नको. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभापाशी एवढी रांग लावता, तशीच लावा. म्हातारी, गरोदर, अपंग माणसं पुढं. आधी वस्तीवरच्याच दोघीतिघींना घेऊन घरं लिहून काढा आणि मगच टेम्पोची ताडपत्री सोडा.

आणि परत आल्यावर विसरू नका. आमच्या याच नगर रस्त्यावर, वाघोलीत, किल्लारीच्या भूकंपातली सुमारे १,२०० मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला आणली. शांतीलाल मुथ्थांची ती संस्था. मुलं बहुतेक जैन नव्हती, पण त्यांनी वर्षानुवर्षं ती सांभाळली, शिकवली. भूकंपानंतर ट्रक सगळ्यांनीच पाठवले होते, पण मला नाव यांचंच आठवतं. तुमच्या विहाराच्या आवाक्यात एवढं नाही. पण एका वस्तीवरच्या दहावी-बारावीच्या पोरांची भिजलेली वह्या-पुस्तकं, परीक्षेची फी, जातीचे दाखले नि रेशनकार्ड पुन्हा काढायचे हेलपाटे, एवढं मार्चपर्यंत धरून ठेवता येईल. कागदाच्या कामात तुमच्यातला तो वकिली शिकणारा पोरगा घाल. त्याला पोती उचलायला लावून काय उपयोग?

पिठाच्या पिशव्या मोजून उतरवून घे, वहीत लिहून ड्रायव्हरची सही घे. गाडीभाडं मी दिलंय, पुन्हा देऊ नकोस. तुझ्या आईला सांग, गुळाच्या ढेपा तिच्या नावच्या आहेत, वाटायच्या नाहीत.

तुझी,
मावशी