पडद्यावरचे ठिपके आणि बैठकीची लांबी

रिझोल्यूशन म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रांगांत बसवलेल्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची संख्या. ‘एचडी रेडी’ म्हणून मिळणाऱ्या ३२ इंची टीव्हीत ती बहुधा १३६६ × ७६८ असते, फुल एचडीत १९२० × १०८० आणि ४के टीव्हीत ३८४० × २१६०. गुणाकार केला की अनुक्रमे सुमारे साडेदहा लाख, पावणेएकवीस लाख आणि ८३ लाख ठिपके होतात. ही संख्या पडद्याची ऐपत सांगते. त्यावर येणारे चित्र किती ठिपक्यांचे आहे, हे मात्र खोक्यावर कुठेच छापलेले नसते. टीव्ही घेताना पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका घरी दिवाळीला ५५ इंची ४के टीव्ही आला. दुकानात त्यावरचे चित्र लख्ख दिसत होते. घरी लावल्यावर मालिकेतले चेहरे मेणाचे वाटू लागले, बातम्यांच्या पट्टीतली अक्षरे पसरली आणि टीव्ही खराब निघाल्याची तक्रार दुकानात गेली. टीव्ही उत्तम होता. त्याला जोडलेला सेटटॉप बॉक्स साधा होता, आणि तोही लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेला. दुकानदारही खोटे बोलला नव्हता; त्याच्याकडे पेनड्राइव्हवरून ४केमध्येच चित्रित केलेली फिल्म चालू होती.

साध्या वाहिनीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजारांचे असते. ४के पडद्यावर ते वीसपट ठिपक्यांवर पसरावे लागते. वीस ठिपक्यांतला एक प्रक्षेपणातून येतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो. ५७६ ओळींचे हे माप जुन्या ६२५ ओळींच्या पद्धतीतले आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले तेव्हाही हीच पद्धत होती. एकवीस इंची डब्यावर तेच चित्र खटकत नसे, कारण पडदाच लहान होता. पुढे मोठी शहरे वगळता उरलेल्या शहरांतल्या केबलसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत पडली आणि घरोघरी डिजिटल बॉक्स आले. डिजिटल म्हणजेच एचडी, हा समज तेव्हापासून पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. डिजिटल वाहिनी साधीही असते.

म्हणून टीव्हीआधी बॉक्स पाहावा. तो एचडी हवा, वाहिन्यांच्या पॅकमध्ये एचडी वाहिन्या हव्यात आणि जोडणी एचडीएमआय वायरीने हवी. तीन पिनांच्या वायरीतून एचडी बॉक्सचे चित्रही साधेच होऊन येते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५७६ निवडलेले राहिले असेल तरी तोच परिणाम, आणि हे फार वेळा होते. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुधा १०८०आय पद्धतीने येतात: ओळी १०८०, पण एका वेळी एकाआड एक अशा अर्ध्याच. फुल एचडी पडद्याला एवढे पुरते.

यानंतरचे माप फुटपट्टीचे. निरोगी डोळ्याला साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. दहा फुटांवरून हा बारकावा सुमारे ०.९ मिलिमीटर भरतो. ४३ इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका अर्धा मिलिमीटर, त्याच आकाराच्या ४के पडद्याचा पाव मिलिमीटर. दहा फुटांवरच्या दिवाणावरून दोन्ही सारखेच. ३२ इंची एचडी रेडीचा ठिपकाही जवळपास अर्ध्या मिलिमीटरचाच असतो, तेव्हा लांबून बातम्या पाहणाऱ्याला तोही कमी पडत नाही; मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या आजोबांना तर मुळीच नाही. ५५ इंचीत ४केचा फायदा साधारण सात फुटांच्या आत बसले तरच जाणवू लागतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक दोन-तीन फुटांवर उभे असते. घरची बैठक मोजून न्यावी, दुकानात तेवढे मागे सरकावे आणि नेहमीची वाहिनी लावायला सांगावी. दुकानदाराची नाराजी दिसली तरी आग्रह सोडू नये.

४के चित्र घरात येते ते मुख्यतः इंटरनेटवरून, आणि तेही सगळे नाही. नेटफ्लिक्सवर ते सर्वांत महाग योजनेतच मिळते, त्यासाठी सुमारे १५ एमबीपीएस वेग लागतो आणि तासाला सात जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दोन जीबीचा कोटा असेल तर तो सतरा-अठरा मिनिटांत संपेल. फायबरसारखी वेगवान जोडणी नसलेल्या घरात ४केसाठी जादा मोजलेले पैसे निव्वळ शोभेचे. त्यापेक्षा पडद्याचा उजेड आणि काळ्या रंगाचा गडदपणा पाहावा. तो फरक लांबूनही दिसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे मोठ्या पडद्याचा मोह वाढला आहे. मोठा घ्यायला हरकत नाही. मात्र ‘४के सपोर्ट’ या शब्दांवर घेऊ नये. त्याचा अर्थ टीव्ही ४के फाइल स्वीकारतो, एवढाच असू शकतो. स्वस्त प्रोजेक्टरांत हा प्रकार सर्रास आढळतो. माहितीपत्रकात पॅनेलचे, म्हणजे नेटिव्ह रिझोल्यूशन शोधावे आणि मॉडेल क्रमांक पावतीवर पूर्ण लिहून घ्यावा.

एका ठिकाणी हिशेब उलटतो. मुलांच्या अभ्यासासाठी तोच टीव्ही संगणकाला जोडून दोन-तीन फुटांवरून वाचायचा असेल, तर ३२ इंची एचडी रेडीवर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात आणि देवनागरीतल्या मात्रा-वेलांट्या सर्वांत आधी बिघडतात. तिथे त्याच आकारात फुल एचडी शोधावा, किंवा सरळ वेगळा मॉनिटर घ्यावा.