बोलता न येणाऱ्याला स्पीच थेरपी कशासाठी?

प्रश्न : माझा मावसभाऊ 16 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलता येत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताई उच्चार घोटून घेत नाहीत, चित्रांचा तक्ता आणि टॅबलेट घेऊन बसतात. आजीला वाटतं, अशाने तो कधीच बोलणार नाही. ताई नेमकं काय करतात? मी बारावी सायन्सला आहे, मलाही हे काम शिकावंसं वाटतं.
(एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : आजींची काळजी घरोघरी ऐकू येते, म्हणून आधी तिच्याबद्दल. 2006 साली याच प्रश्नावरच्या जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तक्ता किंवा यंत्र वापरल्यामुळे कुणाचं बोलणं कमी झाल्याचं त्यात आढळलं नाही. उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. सांगायचं ते पोचलं की मुलावरचा ताण उतरतो, आणि टॅबलेट शब्द उच्चारतो तेव्हा तो शब्द कानावरही पडतो.

सेरेब्रल पाल्सीत ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांवरचा मेंदूचा ताबा बिघडलेला असू शकतो. समज मात्र अनेकदा शाबूत असते. म्हणून ताई आधी शोधतात की याच्या ताब्यात काय आहे: एक बोट, मान, गुडघा की फक्त नजर? नजर असेल तर पारदर्शक फळीच्या कडांना चित्रं किंवा अक्षरं लावून समोर बसायचं आणि तो कुठे पाहतो ते वाचायचं. गुडघा हलत असेल तर तिथे स्विच बसवायचा. पडद्यावर एकेक चित्र उजळत जातं, हवं ते आलं की तो दाबतो. या सगळ्याला ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, थोडक्यात एएसी म्हणतात.

खरी कसोटी यानंतरची आहे. तक्त्यावर शब्द कोणते ठेवायचे? घरचे सांगतात पाणी, भूक, शू, झोप. ते हवेतच. पण सोळा वर्षांच्या मुलाला ‘कंटाळा आला’, ‘दार लाव’, ‘आईला सांगू नकोस’ हेही म्हणायचं असतं. मित्रांत चालणारा एखादा वात्रट शब्दही त्याला हवा असतो. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, ‘नको’, ‘मला हात लावला’ हे शब्द तर मी कुणाच्याही संकोचापायी गाळू देत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याला त्रास देणं फार सोपं असतं. शिवाय तक्ता मराठी बोलणारा हवा. मुलगा ‘जातो’ म्हणेल, मुलगी ‘जाते’. इंग्रजी तक्त्याचं नुसतं भाषांतर करून हे साधत नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही आहे आणि मोफत आहे. तरी कागदी तक्ता पिशवीत असूच दे, कारण चार्जिंग संपलं म्हणून कुणाचं बोलणं थांबू नये.

ताई स्वतः बोलताना तक्त्यावर बोट ठेवत जातात, हे तू पाहिलं असशील. बाळ पहिला शब्द बोलण्याआधी जवळपास वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. तक्त्यावरची भाषाही अशीच कुणीतरी आधी बोलून दाखवावी लागते. दुसरं काम वाट पाहण्याचं, आणि ते मला सगळ्यांत अवघड वाटतं. ‘तुला जेवायचंय ना?’ असं विचारून आपणच उत्तर देऊन टाकतो आणि त्याच्या वाट्याला फक्त मान हलवणं उरतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब यांचं नाव तू ऐकलं असशील. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये अशा मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ही संस्था सुरू केली. मालिनी एका बोटाने टाइप करतात. त्यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि 2010 मध्ये ‘वन लिटल फिंगर’ हे त्यांचं आत्मचरित्र आलं.

आता तुझ्याबद्दल. बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची चार वर्षांची पदवी असते, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, मुंबईतलं नायर रुग्णालय, पुण्याचं भारती विद्यापीठ अशा ठिकाणी ती करता येते. काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अभ्यासात श्रवणाचा भाग मोठा असतो. एएसी बरंचसं मुलांसोबत बसूनच शिकावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या अशा पर्यायी पद्धतींना मान्यता दिली आहे आणि शिक्षणात सरकारने व स्थानिक संस्थांनी त्यांना उत्तेजन द्यावं असंही म्हटलं आहे. तरीही शाळा संपते तिथेच अनेकांची थेरपी सुटते. अठरा-वीस वर्षांच्या मुलांसोबत काम करणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तिथे तू यावंस असं मला मनापासून वाटतं.

ताई पुढच्या वेळी येतील तेव्हा शेजारी बसून बघ. मात्र परवानगी ताईंची किंवा मावशीची घेऊन भागणार नाही, ती भावाची घे. तक्त्यावर आणखी कोणते शब्द हवेत, हेही त्यालाच विचार.