ट्रॅक्टरचा टायर : कंपनी, नक्षी आणि हवा



ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती, डिझेलचा खप आणि किंमत यांची कसून चौकशी करता. टायर मात्र जो बसवून येईल तो घेतला जातो. वास्तविक इंजिनाची ओढ जमिनीला पोचते ती टायरमार्फत, आणि जमीन दाबली जाते तीही टायरखालीच.

आपल्याकडे परिचित असलेली सीएट कंपनी मूळची इटलीतील तुरीन शहराची. तिची स्थापना १९२४ साली झाली. 'विजेच्या तारा व तत्सम वस्तू, तुरीन' या अर्थाच्या इटालियन शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव तयार झाले. नाव तारांचे, प्रसिद्धी टायरची! भारतात टाटा समूहाच्या सहकार्याने १९५८ साली मुंबईत कंपनी स्थापन झाली व १९८२ मध्ये ती आरपीजी समूहाकडे आली. भांडुप व नाशिकनंतर अंबरनाथ येथे २०१७ साली शेतीच्या रेडियल टायरचा कारखाना सुरू झाला. 'आयुष्मान' व 'वर्धन' हे तिचे नेहमीचे ट्रॅक्टर टायर, तर 'फार्मॅक्स' हा रेडियल. रेडियलची बाजू लवचीक असल्याने तो जमिनीवर अधिक पसरून टेकतो व दाब विभागला जातो. किंमत अर्थातच जास्त पडते.

तथापि कंपनी कोणतीही असो, टायरवरील आकडे वाचण्यास शिकावे. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी सुमारे १३.६ इंच व रिमचा व्यास २८ इंच. बाजूवरील बाण ट्रॅक्टर पुढे जाताना चाक फिरण्याची दिशा दाखवतो. टायर उलटा बसल्यास नक्षीत माती अडकून राहते व पकड जाते. कोकणात भाताच्या चिखलणीसाठी खोल नक्षीचा टायर उपयुक्त ठरतो, परंतु तोच डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो.

खरे नुकसान हवेत आहे. उसाच्या ट्रॉलीसाठी भरलेल्या कडक हवेवरच नांगरट वा रोटाव्हेटर चालवला जातो. कडक टायर कमी जागेवर टेकतो. भारी काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी असे केल्यास खालचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही व मुळे आडवी पसरतात. हा थर एका हंगामात मोकळा होत नाही. म्हणून पुस्तिकेत शेतकामासाठी व वाहतुकीसाठी दिलेले वेगवेगळे दाब पाळावेत. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

चाक किती घसरते हेही तपासावे. मागील चाकावर खडूने खूण करावी. त्याच शेतात अवजार उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंतचे अंतर मोजावे, नंतर अवजार जमिनीत घालून पुन्हा मोजावे. पहिले ४० मीटर व दुसरे ३४ मीटर आल्यास घसरण १५ टक्के. घट्ट जमिनीत १० ते १५ टक्के योग्य समजावी. त्याहून जास्त आल्यास खोली कमी करावी किंवा मागील टायरमध्ये पाणी भरावे. त्यासाठी व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, पाणी घ्यावे. हलक्या कामाच्या वेळी हे पाणी काढून टाकावे.