रक्तातील पी.एस.ए. : आकडा आला, पुढे काय?



ऊस तोडीला आला की नाही हे बघायला शेती खात्याचा माणूस फडात येतो, रसाचे दोन थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर घेतो आणि ब्रिक्स सांगतो. पण ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. रसात विरघळलेले सगळेच त्यात मोजले जाते. खरी साखर किती, हे प्रयोगशाळेत पोल काढल्यावरच कळते. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी केली जाणारी पी.एस.ए. ही रक्ततपासणीही तशीच आहे. ती इशारा देते, निकाल देत नाही. हे न कळल्याने कोणी रिपोर्ट पाहून हाय खातो, तर कोणी कागद खिशात घालून हंगामाच्या गडबडीत विसरून जातो. दोन्ही वाईटच.

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते, मूत्राशयाच्या तोंडाशी, अक्रोडाएवढी. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते. मग धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, कधी लघवी तुंबते. ही वाढ बहुधा साधीच असते. कॅन्सर मात्र सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पुढे तो हाडांत उतरतो आणि कंबर धरते, तेव्हा घरचे म्हणतात, "आयुष्यभर ओझी उचलली, दुसरं काय होणार!"

म्हणून रक्तात खूण शोधण्याचे प्रयत्न झाले. १९३८ साली अमेरिकेत ॲसिड फॉस्फटेजची तपासणी पुढे आली. पण तो आकडा बहुधा रोग पसरल्यावरच चढे. १९७९ साली बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत डॉ. चू व सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमधून पी.एस.ए. हे प्रथिन वेगळे काढले. १९८६ मध्ये तेथील सरकारने उपचार झालेल्या रोग्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि १९९४ मध्ये बोटाने करायच्या तपासणीच्या जोडीने निदानाला मदत म्हणून या चाचणीस मान्यता दिली.

आकडा कसा वाचावा?

मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही जुनी सर्वसाधारण मर्यादा. ४ ते १० च्या दरम्यान आकडा आलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो. १० च्या वर शक्यता निम्म्याहून जास्त. उलट ४ च्या खाली असूनही काहींना रोग असतो. साधी वाढ, लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, यांनीही आकडा चढतो.

तपासणीस जाताना

१. लघवीत जळजळ वा ताप असेल तर आधी त्यावर उपचार घ्यावेत, पी.एस.ए. सुमारे सहा आठवड्यांनी करावी.
२. आधीचे दोन दिवस लांबवर सायकल मारू नये, पत्नीसंबंधही टाळावा.
३. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड वा ड्युटास्टेराइड गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. या गोळ्यांनी आकडा जवळजवळ निम्मा दिसतो.
४. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा त्याची चढती कमान अधिक सांगते.

आकडा चढा आला तर डॉक्टर तो पुन्हा तपासतात, बोटाने ग्रंथी पाहतात, गरज वाटल्यास एम.आर.आय. काढतात. शेवटचा निर्णय बायॉप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा. कॅन्सर निघाला तरी तो प्रत्येक वेळी घाईचा नसतो. काही इतके संथ वाढतात की नुसती नजर ठेवली तरी भागते. त्यामुळे उठसूट सर्वांनी तपासणी करावी असेही नाही. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भावाला हा रोग झाला असल्यास पंचेचाळिशीपासून, फायदे-तोटे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कॅन्सर शहरातल्यांनाच होतो, ही समजूत सोडावी. देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्याच राज्यात, बार्शीला सुरू झाली. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आहे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, तेथे चौकशी करावी. लाजेने दुखणे लपवू नये, आणि नुसत्या आकड्याने खचूही नये, एवढीच आमची विनंती.