बाजारात उभे असलेले तरुण
शास्त्रपाठ : मत्तय २०:१–१६



आपल्या जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस भरपूर. पण पीक बहुतेक एकच, भाताचे. भाताची झोडणी उरकली की ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांतील पुष्कळ तरुण मजुरीसाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावला जातात. तेथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो. शेतकरी येतात, दर ठरवतात आणि माणसे गाडीत बसवून नेतात.

तेथे मला आमच्या ओळखीचा एक मुलगा भेटला. बी.ए. झालेला. ऊन चढले होते. मी म्हटले, “अरे, शिकलेला तू, असा रिकामा का उभा?” तो म्हणाला, “ताई, आज कुणी नेलंच नाही.” मी ‘बरं’ म्हणून पुढे निघाले.

रात्री हा पाठ वाचला आणि मन खजील झाले. द्राक्षमळ्याच्या धन्यानेही हेच विचारले होते आणि त्यालाही हेच उत्तर मिळाले होते. पण धन्याने त्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि काम दिले. मी नुसतेच विचारले.

या दाखल्यातून तीन गोष्टी शिकू.

१. धनी स्वतः बाजारात गेला, तेही दिवसातून पाच वेळा. आपण मात्र तरुणांनी आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहतो.

२. त्याने त्यांना आळशी म्हटले नाही. पदवी असूनही जात पडताळणीचा दाखला, शहरातले खोलीभाडे, कामाची ओळख यांवाचून मुले अडतात.

३. अकराव्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळाली. कारण घरच्या चुलीला पूर्ण दिवसाचे धान्य लागते. कृपा अशी असते.

आता आपले काम. बारावीनंतर शिकणाऱ्या ज्या आदिवासी मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी ‘स्वयम्’ योजना आहे. जेवणाचा व राहण्याचा खर्च त्यांच्या बँक खात्यात जमा होतो. राजूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. अनेकांना हे मुदत संपल्यावरच कळते. आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी व कारकुनांनी एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यासाठी द्यावी. ज्यांची शेती आहे, त्यांनी ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी हातात ठेवावी.

मननासाठी : तुमच्या ओळखीचा कोणता तरुण आज ‘बाजारात’ उभा आहे? त्याचे उत्तर ऐकल्यावर तुम्ही काय केले?