देखभाल व्यवस्थापनाचे पदव्युत्तर दूरशिक्षण

आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज कारखान्यांच्या देखभाल विभागांत आहेत. कुणी आयटीआय करून फिटर झाले, कुणी पदविका घेऊन पर्यवेक्षक, तर काही पदवीधर अभियंते आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांचा एक प्रश्न आम्हांस नेहमी ऐकू येतो : संसार व पाळीची नोकरी सांभाळून पुढे शिकता येईल काय? देखभाल व्यवस्थापन हा विषय दुरून शिकण्यास विशेष योग्य आहे, असे आमचे मत आहे. मात्र त्याचे कारण कळण्यासाठी आधी विषय समजून घेतला पाहिजे.

बंद पडलेले यंत्र चालू करणे ही दुरुस्ती. कोणत्या यंत्राला केव्हा हात लावावा, केव्हा लावू नये, कोणते सुटे भाग साठ्यात ठेवावेत आणि त्यावर किती खर्च करावा, हे ठरविणे म्हणजे व्यवस्थापन. 'केव्हा लावू नये' हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमधील विमानांच्या नोंदी सी. एच. वॉडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. वॉडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमानाची तपासणी होई. तिच्यानंतर बिघाड कमी व्हावेत, ही अपेक्षा. प्रत्यक्षात ते तपासणीनंतर लगेच वाढत आणि पुढे हळूहळू उतरत. सुस्थितीतील भाग उघडून पुन्हा जोडताना नवे दोष शिरत होते.

१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. ठराविक वयानंतर बदलल्याने लाभ होऊ शकेल, असे विमानाचे भाग त्यांना अवघे ११ टक्के आढळले. उरलेल्या ८९ टक्क्यांना वयोमर्यादा घालण्यात अर्थ नव्हता. जुने झाले की बिघडते, ही आपली घरगुती समजूत निदान विमानांच्या बाबतीत टिकली नाही.

आता गणित पाहू. समजा, वसतिगृहाच्या विहिरीवरील पंप सहा महिन्यांत ६०० तास चालला, त्या काळात पाच वेळा बिघडला आणि गरज असताना एकूण ५० तास बंद राहिला. दोन बिघाडांमधील सरासरी चालू काळ १२० तास, एका बिघाडामागे बंद काळ सरासरी १० तास. १२० ला १३० ने भागले की उपलब्धता येते : ९२.३ टक्के. हा आकडा वाईट दिसत नाही. परंतु त्या ५० तासांपैकी हातातले काम ८ तासांचेच होते, उरलेले ४२ तास तालुक्याहून सील व बेअरिंग येण्याची वाट पाहण्यात गेले, असे निघाले तर? तेच सुटे भाग कपाटात ठेवले, तर बंद काळ सरासरी १.६ तासांवर येतो आणि उपलब्धता ९८.७ टक्के होते. पंपात काहीही न बदलता आंघोळीच्या वेळी नळाला पाणी येते.

या गणिताची सामग्री विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मिळत नाही, ती कामावरच्या नोंदवहीत असते. म्हणूनच नोकरीत असलेला विद्यार्थी येथे मागे पडत नाही, उलट त्याची प्रयोगशाळा त्याच्याजवळच असते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात लॅट्रोब व्हॅली आहे. तेथे लिग्नाइट कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या शेजारी मोठी वीजकेंद्रे उभी राहिली. त्याच भागातील चर्चिल गावी असलेल्या मोनॅश विद्यापीठाच्या गिप्सलँड परिसराने देखभाल व विश्वासार्हता अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण दूरशिक्षणाने दिले. २०१४ साली तो परिसर फेडरेशन विद्यापीठात समाविष्ट झाला. इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठानेही या विषयाचे दूरशिक्षण चालविले. कोराडी वा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात पाळी करणाऱ्या आपल्या मुलालाही असा अभ्यास परका वाटू नये.

येथे पालकांना एक कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी मिळाली. नंतरच्या पदव्या रद्द ठरल्या. शुल्क भरणारे आणि रात्री जागून अभ्यास करणारे विद्यार्थीच त्यात भरडले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार भारतात अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. व्यवस्थापनाची देता येते, परंतु आवश्यक मान्यता असेल तरच. तेव्हा जाहिरातीतील 'अभियांत्रिकी' या शब्दावर न भुलता आयोगाच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि वर्ष ही तिन्ही पाहावीत. परदेशी पदवी घ्यावयाची असल्यास ती पदोन्नतीसाठी धरली जाईल काय, हे आपल्या आस्थापनेस आधी लेखी विचारावे. तोंडी होकारावर कर्ज काढू नये.

प्रवेश पुढे घ्यावयाचा असला, तरी नोंदी आजच सुरू करता येतात. यंत्र बंद पडल्याची वेळ, कारागीर पोहोचल्याची वेळ, सुटा भाग हाती आल्याची वेळ आणि यंत्र पुन्हा चालू झाल्याची वेळ, असे चार रकाने आखावेत. पुष्कळ नोंदवह्यांत पहिली व शेवटची वेळच लिहिलेली असते. वरच्या उदाहरणातील ४२ तास मधल्या दोन रकान्यांशिवाय सापडले नसते. या नोंदी प्रकल्पात वापरावयाच्या असतील, तर त्या कारखान्याच्या मालकीच्या आहेत हे ध्यानात ठेवून व्यवस्थापनाची लेखी अनुमती घ्यावी.