टायर फुटला की डोळा लागला?

वाळूज औद्योगिक वसाहतीत माल भरायच्या रांगेत थांबलेल्या ट्रेलरचालकांचा रक्तदाब आणि साखर तपासायला गेल्या महिन्यात गेलो होतो. माझ्या टेबलापेक्षा शेजारच्या चहाच्या टपरीवर गर्दी जास्त. विषय टायरचा. एक म्हणत होता, ट्रेलरच्या मागच्या चाकांना रबर चढवलेले टायर चालतात, पण स्टिअरिंगच्या चाकांना नवेच हवेत. दुसरा नायलॉनचा पक्षपाती. खडबडीत रस्त्यावर तेच टिकतात म्हणे. तिसऱ्याने त्याला तिथेच अडवले, "समृद्धीच्या सिमेंटवर रेडियलच पाहिजे. नायलॉन तव्यावानी तापतंय." एकाने उठून टॉमीने जोडटायरांवर ठोके मारले आणि नुसत्या आवाजावरून आतल्या टायरात हवा कमी असल्याचे सांगितले.

मला कौतुक वाटले. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्यातून उष्णता वाढते आणि ओझ्याखाली टायर फुटतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की नियमाने तो बाद. ते मात्र नखानेच अंदाज घेतात.

मग मी सहज विचारले, "काल किती तास झोपलात?" सगळे हसले. पन्नाशीचे एक चालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी खाली होऊन परत भरेपर्यंत झोप कुठली?" ते पहाटे ४ वाजता उठले होते आणि रात्री ९ वाजता नागपूरला निघणार होते. म्हणजे चाक फिरायला लागेल तेव्हाच त्यांच्या जागरणाचे १७ तास पूर्ण झालेले असणार.

हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दिसले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. माळकरी चालकसुद्धा या हिशेबाने पिऊन बसल्यासारखाच! शिवाय शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. पहाटे साधारण २ ते ५ या वेळात ते माणसाला झोपेकडे ओढते, दुपारी जेवणानंतर पुन्हा थोडे. आमचे हे गृहस्थ नेमके त्याच वेळी कारंज्याच्या आसपास, सरळसोट रिकाम्या रस्त्यावर असणार.

डुलकी म्हणजे मान टाकून झोपणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो, डोळे कधी कधी उघडेच राहतात आणि माणसाला नंतर आठवतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे ९० मीटर जाते. ब्रेक लागत नाही, कारण लावणारा तिथे नसतोच.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. सुरुवातीला टायर फुटल्याचे सांगण्यात आले. पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत; चालकाला डुलकी लागली असावी, अशी शक्यता मांडली गेली. टायरला दोष देणे सोपे असते, कारण टायर बोलत नाही.

चालक झोपेवर जे उपाय करतात ते मी टपरीवर ऐकून घेतले. तंबाखू, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, खिडकीची काच खाली. याने फार तर काही मिनिटे निघतात. झोपेवर झोप हाच उपाय. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनासे झाले, गाडी पट्टा सोडू लागली, तर पंपावर किंवा थांब्यावर गाडी लावावी. रस्त्याच्या कडेला मुळीच नको, तिथे मागून दुसरा झोपाळू येऊन आदळतो. आधी चहा प्यावा आणि लगेच १५-२० मिनिटे पडावे. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर दहा मिनिटे पाय मोकळे करून मगच स्टिअरिंग धरावे. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून दुकानदाराला "मी गाडी चालवतो" हे आधी सांगावे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. टपरीवरच्या एकालाही हे ठाऊक नव्हते. मालक मंडळींना ठाऊक असावे. पण माल वेळेत पोहोचवण्याचा तगादा चालकाच्या फोनवर येतो, विश्रांतीचा येत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. चालक जाडजूड असेल, जोरात घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबून एकदम दचकत असेल आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर त्याची झोप झोपच नव्हे. घशातली वाट दबून रात्रभर प्राणवायू कमी पडतो, रक्तदाबही वाढतो. यावर उपचार आहेत. हे त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. तेव्हा वहिनींनी त्याला सुटीच्या दिवशी घाटीत कान-नाक-घसा विभागात घेऊन जावे, आणि डॉक्टरांना घोरण्याचे स्वतः सांगावे. तो सांगणार नाही.